डावीकडून ऊन

सहाराची धूळ समुद्र ओलांडून येते त्या आठवड्यात
मिंडेलोत छत्रीचे दिवे लावावे लागत नाहीत.
आभाळच गाळणी होतं,
नाकाखालची सावली विरघळते,
डोळ्यांखालची वर्तुळंही निम्मी उतरतात.
त्या दिवसांत पासपोर्टवाल्यांना मी दारातच बसवते
आणि लवकर घरी जाते.

अठरा वर्षं चेहरे साफ करतेय.
वांग, मुरूम, वस्तऱ्याची खरचट,
लग्नाच्या आदल्या रात्री नेमकी उठलेली पुळी.
नवऱ्या मुली म्हणतात, जरा उजळ कर.
मी हो म्हणते, आणि फक्त निळी झाक काढते,
कातडीखालची तांबूस ऊब होती तिथे परत आणते.
त्या खूश होतात: बघ, उजळले ना!
मी काही बोलत नाही.
तोही कामाचाच भाग.

न्हा एर्मेलिंदा आली ती याच धुळीत.
बिस्किटांच्या डब्यातून फोटो काढला,
कोपऱ्याला माशाच्या तेलाचा डाग.
लाउरेन्सु, वय सव्वीस, जहाजाच्या डेकवर,
डावीकडून ऊन, भर दुपारचं,
अर्धा चेहरा भट्टीत, अर्धा कोळशात.
इतक्या वर्षांत फोटोतला निळा उडून गेलेला:
समुद्र गुलाबी, शर्ट गुलाबी,
माणूस कच्च्या विटेचा.

"याला माझ्या शेजारी बसव.
रविवारी लग्नाला पन्नास वर्षं झाली असती."
बसवते म्हटलं. मेलेले, परदेशी गेलेले, रुसलेले,
सगळ्यांना बसवलंय मी कुणाकुणाच्या शेजारी.
"असा नाही गं. असा ठेवलास तर
लोक म्हणतील नातू.
म्हातारा कर त्याला."

माझ्या हाताला पुसायचीच सवय.
केस आधी घेतले, ते सोपे:
उन्हातसुद्धा नाही, पडद्यावर पांढरे झाले,
वीस मिनिटांत,
एकही अनुभव पदरात न पडता.

पण कपाळ?
जगला असता तर आठ्या कुठे पडल्या असत्या?
हसरा निघाला असता की कटकट्या?
भाऊ होते? नव्हते.
वडलांचा फोटो? वडील दुष्काळात गेले,
तेव्हा फोटो काढण्याइतकं कुणाकडे काही नव्हतं.

मग मी तिच्याकडे पाहिलं.

दारातला उजेड चालेना, फार मऊ.
आत नेलं. छत्री काढली, उघडा दिवा डावीकडे ठेवला,
असल्या उजेडात मी वैऱ्यालाही बसवत नाही.
तिच्या चेहऱ्यावरची रेघ न् रेघ उभी राहिली.
"डोळे मिटू नका हं."
"चाळीस वर्षं मासळीबाजारात बसलेय, पोरी,
दिव्याला काय भ्यायचं?"

कपाळावरच्या तीन उचलल्या, त्याच्या कपाळावर ठेवल्या.
नाकापासून ओठाकडे उतरणाऱ्या दोन घड्या,
त्या ओढून जबड्याच्या मापाच्या केल्या.
रंग तिच्या मनगटावरचा,
वर मीठ-वाऱ्याची एक गडद पुटी.
निळा भरला तसा समुद्र समुद्र झाला.

ती पडद्याकडे बराच वेळ बघत राहिली.
मी पाण्याचा ग्लास पुढे केला, तो तसाच राहिला.
"हा तर माझा भाऊ दिसतो."
बदलू का?
"राहू दे. पन्नास वर्षांनी
कुठला नवरा भावासारखा दिसत नाही?"

दारापर्यंत गेली, तिथून वळली.
"आता त्याला दिल्यास ना,
मग माझ्या काढ थोड्या."

हात लगेच वळला, ओळखीच्या कामाकडे.
काढल्या, मागितल्यापेक्षा एखादी जास्तच.
नाकाखालची सावली तेवढी
दोघांची एकाच बाजूला पडेल,
एवढं पाहिलं.